मकाऊ आणि नगर-हवेली : नकाशावरील रेघांचे राजकारण

पोर्तुगीज वसाहती म्हटल्या की मराठी वाचकाला प्रथम गोवा आठवतो. परंतु वसाहतीचे भवितव्य भूगोल कसा ठरवतो, हे समजून घ्यायचे असेल तर चीनच्या किनाऱ्यावरील मकाऊ आणि महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेली दादरा-नगर हवेली ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहायला हवीत.

मकाऊचे क्षेत्रफळ आज सुमारे ३३ चौरस किलोमीटर, म्हणजे नागपूर शहराच्या जेमतेम सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढे आहे. त्यातलाही मोठा भाग समुद्रात भराव घालून मिळवलेला आहे. ताइपा आणि कोलोआन या बेटांमधील पाणी बुजवून कोताई हा नवा भाग उभा राहिला. १५५७च्या सुमारास पोर्तुगीज येथे स्थिरावले आणि १८४४पर्यंत येथील कारभार गोव्याच्या अधिपत्याखाली होता. १८८७च्या करारात चीनने पोर्तुगालचा कायमचा ताबा मान्य केला. मात्र हद्द नेमकी कोठे, हा प्रश्न पुढच्या वाटाघाटींवर सोपवला गेला. त्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या. मकाऊची ८५ चौरस किलोमीटरची सागरी हद्द निश्चित झाली ती थेट २०१५ साली, आणि तीही बीजिंगच्या आदेशाने.

नगर-हवेलीचा इतिहास तर पुणे दरबाराशी जोडलेला आहे. १७७९च्या तहानुसार पेशव्यांनी दमण परगण्यातील बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांना देण्याचे कबूल केले. ही गावे समुद्रापासून दूर होती आणि दमणहून तेथे पोहोचण्यासाठी आधी ब्रिटिशांच्या, नंतर भारताच्या हद्दीतून जावे लागे. नेमकी हीच बाब १९५४मध्ये निर्णायक ठरली. २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे मराठी तरुण होते. भारताने वाट अडवल्यामुळे पोर्तुगालला कुमक पाठवता आली नाही.

पोर्तुगालने हा वाद १९५५मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पुढे ब्रिटिशांच्या काळात पोर्तुगालची सत्ता मान्य झाली. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांचा मात्र नाकारला. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असाही निर्वाळा दिला. ‘सरंजाम’ या मराठेशाहीतील संज्ञेचा ऊहापोह हेगमध्ये झाला, हे विशेष.

मकाऊत असा लढा झाला नाही. पाणी आणि अन्न यांसाठी ही वसाहत मुख्य भूमीवरच अवलंबून होती. १९६६च्या दंगलींनंतर पोर्तुगालची सत्ता नावापुरती उरली. लिस्बनमध्ये १९७४ साली क्रांती झाल्यावर पोर्तुगाल ती सोडण्यास तयार होता. पण घाई चीनला नव्हती. १९८७च्या संयुक्त घोषणेनुसार २० डिसेंबर १९९९ रोजी हस्तांतर झाले आणि तेथील व्यवस्था पन्नास वर्षे न बदलण्याचे आश्वासन देण्यात आले.

दोन्हीकडे वसाहतवाद संपला, हे निर्विवाद स्वागतार्ह आहे. प्रश्न उरतो तो तेथील माणसांच्या मताचा. मकाऊच्या हस्तांतरापूर्वी सार्वमत झाले नाही. तेथील विधानसभेच्या ३३ सदस्यांपैकी केवळ १४ थेट निवडून येतात आणि २०२१मध्ये २१ उमेदवारांना निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवण्यात आले. दादरा-नगर हवेलीत १९६१च्या विलीनीकरणापूर्वी वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. २६ जानेवारी २०२० रोजी हा प्रदेश दमण-दीवशी जोडून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. मात्र त्याला विधानसभा नाही. नगर-हवेलीच्या पोटात मघवाल हे गुजरातचे गाव आजही आहे.

रेघा पुसणे वा जोडणे राज्यकर्त्यांना फारसे अवघड जात नाही. त्या रेघांच्या आत राहणाऱ्या वारली आदिवासीला किंवा मकाऊच्या कामगाराला आपल्या प्रदेशाच्या कारभारात किती वाटा मिळतो, यावरच मुक्तीचे मोल ठरणार आहे.