कौल घ्या, पण आधीं यादी वाचा

सध्यां चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर, दूध डेअरीच्या रांगेंत एकच बोलणें कानीं येतें : 'परके फार झाले. लोकांचा कौल घ्या आणि काय तो निकाल लावा.' परका कोण, हें मात्र गांवागणिक बदलतें. इचलकरंजीच्या मागावर बिहारचा मजूर परका. आमच्या तालुक्यांतला गवंडी गोव्यांत कामाला गेला कीं तेथें तो 'भायलो', तोच 'घाटी'. निपाणीच्या मराठी माणसानें तर उंबरठाही ओलांडला नाहीं, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं त्याचें राज्य बदललें.

लोकांचा कौल घेण्यास आमची ना नाहीं. ज्या शेतकरी-कारागिरांना पिढ्यान् पिढ्या कोणीं कांहीं विचारलेंच नाहीं, त्यांनीं कौलाला नको कां म्हणावें? १ मार्च १९४९ रोजीं आमचें कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेंही रयतेचें मतदान न घेतां. सीमाभागाची मागणी साधी होती : गांव हा घटक धरा, भाषा पाहा, लगतपणा पाहा आणि लोकेच्छा पाहा. तिच्या वाट्याला १९६७ सालीं महाजन आयोगाचा अहवाल आला, आणि २००४ पासून कोर्टाची पायरी.

पण बंधूंनो, देवाला कौल लावायचा झाला तर गुरव कोण आणि फुलें कोणीं लावलीं, हें आम्ही खेडवळ लोक आधीं पाहतों. माणसांचा कौल घेतांना तेंच कां पाहूं नये?

गोव्याची हकीकत घ्या. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. कालपर्यंत पोर्तुगीजांची असलेली रयत आतां कोणाची? १९६२ च्या नागरिकत्व आदेशानें सरळ सांगितलें कीं, जो स्वतः, किंवा ज्याचे आईबाप अथवा आजा-आजी यांपैकीं कोणीही २० डिसेंबर १९६१ पूर्वीं तेथें जन्मलें, तो भारताचा नागरिक. ज्याला नको असेल त्यानें महिन्याभरांत तसें लिहून द्यावें. येथील खुबी ध्यानांत घ्या. कागद करण्याचा भार राहणाऱ्यावर नव्हता, नको म्हणणाऱ्यावर होता. अंगठेबहाद्दर कुळालाही त्यामुळें रात्रीं झोंप लागली.

मग १६ जानेवारी १९६७ रोजीं जनमताचा कौल झाला. महाराष्ट्रांत जायचें तर फूल, केंद्रशासित राहायचें तर दोन पानें. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणाचे पुरस्कर्ते. ते गादीवर असतांना कौल निर्मळ कसा होणार, असें विरोधक म्हणूं लागले. तेव्हां बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानें आधीं राजीनामा दिला, मगच मतें पडलीं. पोटासाठीं बाहेर गेलेल्या गोंयकारांना मत द्या, ही मागणी मात्र मान्य झाली नाहीं. तेवढी सल राहिली. विलीनीकरणाच्या बाजूनें १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मतें पडलीं. आमचें मन फुलाकडे होतें, हें लपवीत नाहीं. पण बहुजनांच्या त्या पक्षानें हार मानली, आणि कांहीं आठवड्यांतच झालेल्या निवडणुकींत लोकांनीं बांदोडकरांनाच पुन्हां मुख्यमंत्री केलें. हरलेला ज्याला खरा म्हणतो, तोच खरा कौल.

आतां विलायतेकडे पाहा. २३ जून २०१६ रोजीं युरोपच्या संघांत राहायचें कीं नाहीं, यावर तेथें कौल झाला. परक्यांचें येणें हाच मोठा मुद्दा होता. पोर्तुगालचें नागरिकत्व घेऊन तेथें राबणाऱ्या गोंयकाराला त्यांत मत नव्हतें, आणि भारताचें नागरिकत्व न सोडतां तेथें राहणाऱ्याला, राष्ट्रकुलाचा म्हणून, मत होतें! एकाच घरच्या दोन भावांपैकीं ज्याच्या पोटावर पाय येणार त्यालाच विचारलें नाहीं. ५२ विरुद्ध ४८ असा निकाल लागला आणि तंटा पुढें वर्षानुवर्षें चालला.

आपल्याकडेही २०२५ सालीं बिहारांत मतदार यादीची झडती झाली. कच्च्या यादींतून सुमारें ६५ लाख नांवें गळलीं. तीं कोणतीं आणि कां गळलीं, हें प्रसिद्ध करा, असें १४ ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयाला सांगावें लागलें. मेलेल्यांचीं नांवें जावींत, दुबार नांवेंही जावींत. पण जिवंत माणसाला कारण तरी सांगाल कीं नाहीं?

हें आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. यादीचें काम शाळामास्तरांच्याच गळ्यांत असतें. एका वर्षीं गांवच्या सुताराच्या दाराला आम्हीं तीनदां कुलूप पाहिलें आणि 'स्थलांतरित' असा शेरा मारला. तो गोव्यांत फर्निचरच्या कामावर होता. मतदानाच्या दिवशीं रात्रभर प्रवास करून आला, कार्ड हातांत धरून उभा राहिला आणि तसाच परत गेला. 'गुरुजी, तिथं मी भायला, आणि इथंबी तुम्ही काढलासा व्हय?' एवढेंच म्हणाला. चूक आमची होती. शेजारीं एक शब्द विचारला असता तर टळली असती.

आणि कागद म्हणाल तर तो कोणाच्या हातचा? आमच्या आईची जन्मतारीख १ जून, शेजारच्या काकूंचीही १ जून. शाळेंत नांव घालतांना कोण्या मास्तरानें सोईसाठीं लिहिलेली ती तारीख. ज्या कागदाला आम्हींच असें घडविलें, त्याच्या जोरावर आईबापांना देशांतले कीं देशाबाहेरचे ठरवूं पाहणें हा न्याय नव्हे.

म्हणून आमचें मागणें चार गोष्टींचें आहे. कच्ची यादी लागली कीं ती चावडीवर मोठ्यानें वाचून घ्या. ऊस तोडायला, बांधकामाला गेलेल्या शेजाऱ्याचें नांव तुम्ही सांभाळा. नांव काढायचें तर आधीं त्या माणसाला विचारलें पाहिजे, असा हट्ट धरा. आणि बिहारचा मजूर इचलकरंजींत कायम राहात असेल तर त्याचें नांव तेथें लागूं द्या, कारण आपला सुतार गोव्यांत राहिला तर आपण त्याच्यासाठीं हेंच मागणार आहों.

एवढें करा आणि मग खुशाल कौल मागा. यादींत नांवच नसेल, तर फूल काय नि पान काय, आपल्या हातीं कांहींच येणार नाहीं.