लुकमा : आठवण अडते तेव्हा

“पाठ केलं होतं सर, आत्ता आठवत नाही.” हसनाबादला उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. घरी त्याचा अर्थ लागतो, पोराचं डोकं कमजोर आहे. मग भिजवलेले बदाम सुरू होतात, कुणी दम करून पाणी आणतं. शाळेत अर्थ लागतो, पोरगं खोटं बोलतंय. मला दोन्ही अर्थ घाईचे वाटतात. बहुतेक वेळा मुलगा खरंच सांगत असतो. पाठ केलेलं आत कुठेतरी असतं, त्याच्यापर्यंत पोचायची वाट सापडत नसते.

बी.एड.ला आम्ही ग्रहण, धारणा, प्रत्यावाहन आणि प्रत्यभिज्ञा हे चार शब्द शिकलो आणि पेपरात लिहून मोकळे झालो. साध्या भाषेत सांगायचं तर घेणं, ठेवणं, बाहेर काढणं आणि समोर आल्यावर ओळखणं. शेवटच्या दोन्हींत फार अंतर आहे. ‘काटकसर’ हा शब्द धड्यात दिसला की आमच्या मुलांना अर्थ कळतो. पण कमी खर्चात भागवण्याला मराठीत काय म्हणतात असं विचारलं, की वर्ग छताकडे बघतो. ओळख आहे, आठवण नाही.

शिवाय आठवण ही एकच वस्तू नाही. अमेरिकेत १९५३ मध्ये हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर अपस्माराच्या झटक्यांसाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवीन घडलेलं काहीही त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज त्याचा हात सुधारत गेला, पण हे आपण आधी केलं आहे हे त्याला दर वेळी नव्यानंच सांगावं लागे. म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि घडलेल्या प्रसंगाची वेगळी. वुजू करताना आपण क्रम आठवत बसत नाही, हातच करतात. पुढे १९७२ मध्ये एन्डेल टुल्विंग यांनी प्रसंगांची आठवण आणि अर्थाची, माहितीची आठवण असा आणखी एक भेद मांडला. ईदला कोण कोण घरी आलं होतं हे पहिल्या प्रकारात, जालना हा जिल्हा आहे हे दुसऱ्या.

आता आपल्याकडच्या हाफिजांकडे बघा. सहा हजारांहून अधिक आयती तोंडपाठ ठेवायची पद्धत त्यांनी कुठल्या मानसशास्त्राच्या पुस्तकातून घेतलेली नाही. रोजचा नवा सबक, त्याच्या मागच्या काही दिवसांचा सबकी, आणि त्याहून जुनं ते आमोख्ता किंवा मंजिल. हे सगळं कुराण मिटून उस्तादांना ऐकवायचं. शिवाय दोघांनी एकमेकांना ऐकवायचं, त्याला दौर म्हणतात. रमजानमध्ये जिब्रईल (अलै.) यांच्याबरोबर प्रेषितांचा (स.) असा दौर होत असे, आणि शेवटच्या वर्षी तो दोनदा झाला, अशी हदीसमध्ये नोंद आहे. थोडक्यात, आत घालण्यापेक्षा बाहेर काढण्याचाच सराव जास्त.

तरावीहमध्ये हाफिज अडला तर काय होतं, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. तो एक आयत मागे जातो आणि पुन्हा सुरुवात करतो. सतरा सक किती विचारल्यावर मुलं सतरा एके सतरापासून सुरू करतात, तसंच. मागचा शब्द पुढच्याला ओढून आणतो. सारख्या शब्दांच्या आयती दोन सुरांमध्ये असल्या तर कधी तो एका सुरेतून नकळत दुसरीत शिरतो. इथे तो विसरलेला नसतो, एक आठवण दुसरीच्या वाटेत आलेली असते. तेव्हा मागे उभा असलेला सामे पुढचे दोन-चार शब्द सांगतो. त्याला लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. तेवढ्या घासावर पुढचं पूर्ण पान सुटतं. कुणी त्याला ‘डोकं कमजोर’ म्हणत नाही.

याला प्रयोगाचा आधारही आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटानं एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होती! आमच्या घरांत पुस्तक उघडं ठेवून मोठ्यानं वाचणाऱ्या पोराला ‘मेहनती’ म्हणतात, ते याच खात्रीतून.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून घोकंपट्टीवर टीका होत आली आहे, ती रास्तच आहे. हिफ्जची पद्धत जशीच्या तशी मराठीच्या तासाला आणा, असंही मी म्हणणार नाही. हाफिजला शब्दन् शब्द जपायचा असतो. भाषेत तसं चालत नाही. ‘माझा आवडता ऋतू’ पाठ करून आलेला मुलगा ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आला की पेन खाली ठेवतो. पण बघायचं नाही, आधी स्वतः आठवायचं, अडलं तर घासभर मदत घ्यायची, हे तिथून उचलायला काय हरकत आहे?

कारण यात फक्त गुणांचा प्रश्न नाही. पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत असते आणि तिच्यात मराठी व्याकरणही असतं. मैदानी चाचणीत पुढे असणारी आपली पोरं इथे मागे पडतात, आणि लोक म्हणतात यांना मराठी येत नाही. येत नाही कसं? आठवडी बाजारात हीच पोरं बापाच्या गाडीवर उभी राहून मराठीत भाव करतात, उधारी मागतात, भांडतातसुद्धा. ती मराठी त्या गाडीशी, त्या गिऱ्हाइकाशी बांधलेली आहे. वर्गातल्या बाकावर बसल्यावर तिला हात लागत नाही, कारण तिथे ती कधी कुणी मागितलेलीच नसते.

म्हणून सध्या माझ्या तासाची पहिली दहा मिनिटं पुस्तक बंद असतं. कालचे पाच शब्द, मागच्या आठवड्यातले पाच, दिवाळीच्या सुट्टीआधीचे दोन-तीन. जोड्या लावून दौर. अडलेल्याला जोडीदारानं पहिलं अक्षरच द्यायचं, पूर्ण शब्द नाही. त्यातले काही शब्द मुलांनी बाजारातून आणायचे असतात. मागच्या खेपेला ‘घासाघीस’, ‘वरकड’ आणि ‘पासंग’ आले. पासंग म्हणजे काय, हे एका मुलानं फळ्यापाशी येऊन दोन्ही हातांचा तराजू करून मराठीतच समजावून सांगितलं.