अठरा तासांच्या अभ्यासानंतर एकोणिसाव्या तासाला काय?

एप्रिल आला की महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत 'सलग १८ तास अभ्यास' हा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन म्हणून पोरंपोरी पहाटे सहाला बसतात आणि रात्री बाराला उठतात. आम्ही स्वतः बसलो आहोत, इतरांना बसवलेही आहे. डीजेपुढे नाचण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे, यात वाद नाही. आमचा आक्षेप दुसऱ्या दिवसाबद्दल आहे. त्या अठरा तासांनंतर रोज नेमाने किती जण बसतात, असे आमच्याच गटात विचारले तेव्हा बहुतेकांच्या माना खाली गेल्या.

अठरा तासांची गोष्ट सांगताना आपण एका माणसाला विसरतो. परळच्या चाळीत सुभेदार रामजींचे बिऱ्हाड एका खोलीत होते. तीच स्वयंपाकाची जागा, तीच झोपायची. अभ्यासाला कोपरा मिळणार कुठे? रामजींनी तोड काढली. भीमाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवायचे आणि त्याच्या जागी आपण आडवे व्हायचे. दिव्याच्या उजेडात पोरगा पहाटेपर्यंत वाची. म्हणजे त्या अभ्यासाच्या वेळेवर कोणीतरी पहारा देत होते.

पुढेही तेच. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. पण चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे उसने पैसे घेतले, १९२० ला परत गेले आणि १९२३ ला डी.एस्सी. झाले. इकडचा संसार रमाईंनी ओढला. मुदत ध्यानात ठेवणे, परवानगी हाती ठेवणे, पैशांची तजवीज करणे ही कामे त्यांच्या विद्वत्तेइतकीच मोलाची होती. भाषणात मात्र ती कोणी सांगत नाही.

आता आजच्या पुण्यात या. ताडीवाला रोडवर किंवा दांडेकर पुलाजवळ दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा मुलगा सकाळी कॉलेज करतो, दुपारी चारपासून पार्सल पोचवतो आणि रात्री अकराला घरी येतो. लातूर-नांदेडहून आलेली मुलगी वसतिगृहाची यादी लागेपर्यंत मैत्रिणीच्या खोलीवर दिवस काढते, मग कॉट बेसिसवर जागा शोधते. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, म्हणजे महिन्याला ५,०००. त्यात कॉट, मेस, बसपास आणि पुस्तके कुणी बसवून दाखवावीत! तेही हाती येतात तेव्हा खरे. शिवाय ७५ टक्के हजेरीची अट. हजेरी सांभाळावी तर काम सुटते, काम सांभाळावे तर हजेरी. 'पहाटे पाचला उठा, आयुष्य बदलेल' असे मोबाइलवर सांगणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे की त्यांच्या घरी पहाटे नळाचे पाणी कोण भरते?

पण म्हणून शिस्तीचे नावच काढू नका, असे म्हणणारेही आम्हाला मान्य नाहीत. व्यवस्था दोषी आहे हे खरे, तरी सेमिस्टर आपल्यासाठी थांबत नाही. ज्याच्याकडे वेळ कमी, त्याला तर तो आधीच ठरवून ठेवावा लागतो. दिवसाला दोनच तास मिळत असतील तर ते कोणते दोन, हे घरच्यांना आणि मित्रांनाही माहीत हवे.

कागदपत्रांकडे तर आपली मुले अभ्यासाचा भाग म्हणून पाहतच नाहीत. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रके, आधार जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक हे सगळे एका फायलीत आणि त्याच्या प्रती मोबाइलमध्ये व ईमेलवर हव्यात. महाडीबीटीचा अर्ज भरला म्हणजे काम संपले असे नाही. तो 'सेंड बॅक' होऊन पडला आहे का, हे आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघावे लागते. एका धूसर स्कॅनपायी वर्षाची शिष्यवृत्ती गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत. ती मुले आळशी नव्हती. कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरी सवय नोट्सची. लेक्चर इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, आणि आपण शिकलेलो जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्या दिवशी जे झाले ते त्याच रात्री अर्धा तास आपल्या मराठीत लिहून काढा, मग इंग्रजी संज्ञा शेजारी मांडा. परीक्षेच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या नोट्सची झेरॉक्स वाचण्यापेक्षा हे हजारदा उपयोगी.

आणि हो, पुण्याचा एक खास रोग आहे. पेठांतल्या अभ्यासिका पाहून पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही एमपीएससीचे ठोकळे घेऊन बसतो. अंतर्गत परीक्षा बुडते, विषय राहतात, आणि ज्या पदवीवर ती परीक्षा द्यायची तीच अडकते.

आता आमची कबुली. आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही अभ्यासिका काढली. खुर्च्या, पंखे, ट्यूबलाइट सगळे वर्गणीतून आले. उद्घाटनाला गर्दी झाली. दोन महिन्यांत तिथे बैठका भरू लागल्या, कोपऱ्यात बॅनर येऊन पडले. एका संध्याकाळी एक मुलगी कानात बोटे घालून वाचत होती. आमच्यातलाच एक जण तिला म्हणाला, "ताई, एवढी पत्रकं मोजून देता का?" तिने मुकाट्याने मोजून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून येणे बंद केले. तिचा दोन दिवसांनी पेपर होता, हे आम्हाला नंतर कळले. रामजी दोनपर्यंत जागले. आम्ही आमच्याच मुलीला पुस्तकावरून उठवले.

त्यानंतर नियम केले. संध्याकाळी सात ते दहा विहारात कसलीही बैठक नाही, मग कितीही मोठा नेता येवो. नोकरीला लागलेल्यांपैकी एक जण पाळीने तिथे बसतो आणि वहीत हजेरी घेतो. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की दर रविवारी सगळ्यांचे कागद एकत्र बसून तपासायचे. उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्येच येतात, म्हणून ज्याचा पेपर आहे त्याला जयंतीचे कोणतेही काम सांगायचे नाही. मंडप आणि मिरवणूक कमावत्यांनी बघायची.

यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारले, "मग चळवळीला पोरं कुठून आणणार?" प्रश्न चुकीचा नाही. पण चळवळ ऐन धामधुमीत असताना बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० ला औरंगाबादेत मिलिंद उभे केले. विद्यार्थ्याला शिकू देणे हेही चळवळीचेच काम, हे त्यांनी करून दाखवले. विषय राहिलेला पोरगा तीन वर्षे झेंडा धरतो आणि पुढे पोटासाठी मिळेल ते काम धरून चळवळीतूनही जातो. असे किती गेले, याची यादी आमच्याकडे आहे.

यंदा १४ एप्रिलला आम्ही अठरा तास बसणार नाही. शेवटच्या मुलाचा शेवटचा पेपर होईपर्यंत विहाराचे दार रोज सात ते दहा उघडे राहील. किल्ली कोणत्या दिवशी कोणाकडे, ते दारावरच लिहून ठेवले आहे.

जय भीम.