त्याच मैदानावर, दुसऱ्या टोपीत

नागपूरहून वर्धा मार्गाने बुटीबोरीकडे येताना विदर्भ क्रिकेट संघटनेचे जामठ्याचे मैदान वाटेतच लागते. २००८ साली तेथे पहिला कसोटी सामना झाला, आणि बुटीबोरीच्या व्यापाऱ्यांना ते मैदान घराच्या ओसरीसारखे वाटू लागले. दुपारचे गिऱ्हाईक मंदावले की गल्ला मुलावर सोपवून दोन तास सामना पाहून परतता येते. औद्योगिक वसाहतीला लोखंडी सामान पुरविणारे एक वयोवृद्ध शेठजी असे जाऊन येणाऱ्यांपैकी होत. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की त्यांच्या दुकानापुढील बाकावर बैठक भरते. शेजारचे कापडाचे व्यापारी, एक धान्याचे दलाल आणि शेठजींचा बी.कॉम.ला असलेला नातू हे तिचे कायमचे सभासद.

बैठकीत बाजारभावाइतकीच चर्चा विदर्भाच्या गोलंदाजीची होते. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या या संघाला पहिला करंडक मिळायला २०१७-१८ चा मोसम उजाडावा लागला. त्या मोसमाचे श्रेय कापडवाले रजनीश गुरबानीला देतात. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात त्याने कर्नाटकाचे १२ बळी घेतले आणि विदर्भाने अवघ्या ५ धावांनी विजय मिळविला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने त्रिक्रम साधला, तोही तिन्ही फलंदाजांना त्रिफळाचित करून. दलाल मात्र फिरकीचे पक्षपाती. त्यांच्या मते वेगवान गोलंदाज दुकान उघडून देतो, पण दिवसभर ते चालवितो डावखुरा फिरकीपटूच. ते हर्ष दुबेचा दाखला देतात. २०२४-२५ च्या मोसमात त्याने ६९ बळी घेऊन बिहारच्या आशुतोष अमनचा एका मोसमातील ६८ बळींचा रणजी विक्रम मागे टाकला. हा वाद आजवर मिटलेला नाही. मिटला तर बाकावर बसायचे कशासाठी?

पोशाखावरून नातवाचे आणि शेठजींचे पटत नाही. एकदिवसीय आणि वीस षटकांच्या स्पर्धांतले रंगीत कपडे नातवाला आवडतात; कोण आपला, कोण परका, हे त्यात लांबूनच कळते. रणजीत दोन्ही संघ पांढऱ्यातच. वेगळेपण ते काय टोपीचे आणि छातीवरच्या चिन्हाचे. शेठजींना मात्र पांढराच पोशाख शोभिवंत वाटतो. पण याच पांढऱ्या पोशाखाने त्यांची एकदा पंचाईत केली.

२८ फेब्रुवारी २०२५ चा दिवस. जामठ्यावर विदर्भ आणि केरळ यांच्यात अंतिम सामना चालला होता. केरळकडून आदित्य सरवटे खेळत होता. हा तोच सरवटे, ज्याने फेब्रुवारी २०१९ मध्ये याच मैदानावर सौराष्ट्राचे ११ बळी घेऊन, आणि चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला दोन्ही डावांत बाद करून, विदर्भाला सलग दुसरा करंडक मिळवून दिला होता. आता तो टोपी बदलून विदर्भाच्याच धावसंख्येचा पाठलाग करीत होता. आदल्या दिवशीच अर्धशतक पुरे केलेला तो खेळायला उतरला तेव्हा कापडवाल्यांनी टाळ्या वाजविल्या. शेठजींनी हात मांडीवरून उचलले नाहीत. ७९ धावांवर त्याला हर्ष दुबेनेच बाद केले, म्हणजे जुन्या डावखुऱ्याला नव्या डावखुऱ्याने, आणि तेव्हा मात्र शेठजी उभे राहिले. विदर्भाला ३७ धावांची आघाडी मिळाली, सामना अनिर्णित राहिला आणि त्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला.

परतताना गाडीत कापडवाल्यांनी विषय काढलाच. "भाऊ, आपल्या पोराला एक टाळी द्यायला काय हरकत होती?"

"आपला असता तर गेला असता का?" शेठजी म्हणाले.

हे उत्तर सरवटेपुरते नव्हते, हे गाडीतल्या सर्वांना ठाऊक होते. शेठजींचा मुनीम चौदा वर्षांची नोकरी सोडून २०२४ च्या दिवाळीत त्याच बाजारातील दुसऱ्या पेढीवर गेला होता. मालाची पारख, उधारीची वसुली, कारखान्यांच्या खरेदी विभागातील ओळखी, सारे तो याच गादीवर शिकला. तो गेल्याचे दुःख होतेच. न सांगता गेल्याची सल अधिक होती.

कापडवाल्यांनी मग टोप्यांचा हिशेबच मांडला. इंदूरला गुरबानीने ज्या ध्रुव शोरीला १४५ धावांवर त्रिफळाचित केले, तो दिल्लीचा शोरी पुढे विदर्भाकडून खेळू लागला. खुद्द गुरबानी महाराष्ट्राच्या संघात गेला. केरळविरुद्धच्या त्याच अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात १३५ धावा करणारा करुण नायर मूळचा कर्नाटकाचा. वासिम जाफर तर मुंबईचा. दुखापतीमुळे जाफरला २०१६-१७ चा मोसम खेळता आला नाही, तरी कराराचे पैसे त्याला मिळाले होते. म्हणून पुढच्या मोसमात तो मानधन न घेता खेळला, आणि विदर्भाला पहिला करंडक मिळाला तो त्याच मोसमात.

जाफरची गोष्ट ऐकल्यावर शेठजी बुटीबोरीपर्यंत काही बोलले नाहीत. कारण नातवाला पुढे उन्हाळ्यात कळले. कीर्दखतावणी संगणकावर चढविताना मुनिमाच्या खात्यावर शेवटच्या दिवाळीचा बोनस आणि अर्ध्या महिन्याचा पगार जमा दिसला. तो कधीच नावे पडला नव्हता. मागायला मुनीम आला नाही, द्यायला शेठजी गेले नाहीत. बँकेत अशा खात्याला बेवारस म्हणून वेगळे काढतात. दुकानात ते डोळ्यांसमोरच राहते.

"आजोबा, हे राहून गेले का?" नातवाने विचारले.

"राहून गेले नाही. ठेवले आहे," एवढेच उत्तर मिळाले.

२०२५ च्या मोसमाची सुरुवात जामठ्यावर इराणी करंडकाने व्हायची होती. विदर्भ विरुद्ध शेष भारत, १ ऑक्टोबरपासून. बाकावर पुन्हा गोलंदाजीचे ताळेबंद मांडले गेले. करुण नायर कर्नाटकाकडे परतला होता, त्यावरही चार शब्द झाले. शेठजींनी त्यात भाग घेतला नाही. त्याच आठवड्यात दुकानात एक पत्रिका आली होती. मुनीम आता स्वतःचे दुकान उघडत होता, तेही लोखंडी सामानाचेच. मुहूर्त दसऱ्याचा, २ ऑक्टोबर. पत्रिका शेठजींनी वाचली आणि गल्ल्याखालच्या खणात ठेवली.

पहिल्या दिवशी अथर्व तायडेने शतक झळकाविले. त्याच्या १४३ धावांच्या बळावर विदर्भाने पुढे ३४२ पर्यंत मजल मारली आणि पाचव्या दिवशी सामना ९३ धावांनी जिंकला. पण तो निकाल अजून दूर होता. दसऱ्याच्या सकाळी दुकानातील तराजू आणि वह्यांची पूजा झाली. दुपारी जामठ्याला निघताना शेठजींनी नातवाला गाडी थोडी आधीच थांबवायला सांगितले.

नव्या दुकानाला झेंडूचे तोरण होते आणि आत रंगाचा वास येत होता. मुनीम गल्ल्यावरून उठून वाकला. शेठजींनी आपट्याची पाने त्याच्या हातावर ठेवली आणि त्याखाली एक पाकीट.

"बाबूजी, हे कशाचे?"

"तुझे जमा होते. व्याज धरले आहे, मोजून घे."

मुनिमाने पाकीट न उघडता डोक्याला लावले. शेठजींनी मांडणीवरून नजर फिरविली. बोल्टांची पेटी खालच्या फळीवर होती. ती हाताच्या उंचीवर हवी, असे त्यांनी सांगितले. मग दोन किलो खिळे तोलायला लावले, रोख पैसे दिले आणि पावती मागितली. पावती पुस्तकातील ती पहिलीच होती.

जामठ्याला पोहोचेपर्यंत चहापान होऊन गेले होते. कापडवाल्यांनी जागा धरून ठेवली होती. उशीर का झाला, असे त्यांनी विचारले, तेव्हा शेठजींनी उलट विचारले, "दुबे कोणत्या टोकाकडून टाकतो आहे?"