मॉलीचा पडदा आणि आटलेले अनुदान

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने ‘रेडी टू लर्न’ योजनेचे अनुदान मे २०२५ मध्ये मुदतीपूर्वीच बंद केले. त्यातील सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर खर्च व्हायचे होते. त्या देशाच्या अर्थसंकल्पात ही रक्कम नगण्यच. परंतु गरीब घरांतील लहान मुलांपर्यंत वाचन आणि विज्ञान सार्वजनिक दूरचित्रवाणीद्वारे नेणारी ही योजना १९९० च्या दशकापासून चालू होती.

तिच्याच साह्याने २०१९ मध्ये ‘मॉली ऑफ डेनाली’ ही मालिका सुरू झाली. नायिका अलास्कातील आदिवासी मुलगी. नकाशा, तक्ता, सूचनाफलक असा माहितीपर मजकूर वाचून ती अडचणी सोडवते. अल्प उत्पन्न गटातील पहिलीच्या मुलांना घरी टॅब्लेट देऊन अभ्यास झाले. मालिका पाहणाऱ्या आणि तिचे खेळ खेळणाऱ्या मुलांना असा मजकूर अधिक चांगला हाताळता आला.

अर्थात, कार्यक्रम उत्तम असला की समानता आपोआप येते, असे नाही. १९६९ मध्ये अवतरलेल्या ‘सेसमी स्ट्रीट’चा थॉमस कुक व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये फेरआढावा घेतला, तेव्हा हीच गोम पुढे आली. मुले शिकत होती. पण सुस्थितीतील मुले तो अधिक पाहत असल्याने दरी रुंदावण्याचाच धोका होता. स्थानिक केंद्रांनी शाळा, ग्रंथालये आणि पालकांना सोबत घेणे म्हणूनच मोलाचे.

जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने सार्वजनिक प्रसारण महामंडळाचे दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलरही काढून घेतले. वाहिन्यांचा सुकाळ असताना सरकारी पैसा कशाला, हा कपातीच्या समर्थकांचा युक्तिवाद. हा सुकाळ पैसे मोजणाऱ्यांसाठी आहे, हे त्यात सोयीस्करपणे विसरले जाते. साध्या अँटेनावर फुकट दिसणाऱ्या वाहिनीला इंटरनेट लागत नाही. महानगरांतील केंद्रांना देणगीदार भेटतील. मॉलीच्या अलास्कातील दुर्गम केंद्रांचे काय?

फुकट प्रसारणाचे मोल भारताने फार पूर्वी अनुभवले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ प्रयोगात अमेरिकेच्याच उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. सकाळचे प्रसारण शाळकरी मुलांसाठी असे आणि संच कोणा एकाच्या घरात नव्हे, तर गावाच्या सामाईक जागी ठेवला जाई. मुदत संपताच उपग्रह परत घेतला गेला आणि अनेक गावांतले पडदे काळे झाले.