हसण्याला औषध म्हणू नका

‘एक मिनिट हसा, दहा मिनिटं पळल्याचा फायदा मिळवा’ असा सुविचार सकाळी सकाळी मोबाइलवर येऊन पडतो. हसण्याचं भलं चिंतणाऱ्यांनीच हसण्याचं असं हसं करून ठेवलंय. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली हिशेब मांडला, तेव्हा दिवसाला १०-१५ मिनिटं हसून जास्तीचे खर्च होतात फक्त १० ते ४० उष्मांक, असं निघालं. शहाड स्टेशनबाहेरचा एक वडापाव ही सगळी कमाई बुडवतो.

आजारपणात हसण्याचा आधार घेतलेले अमेरिकी पत्रकार नॉर्मन कझिन्स यांचा दाखलाही नेहमीचाच. विनोदी फिती पाहून दहा मिनिटं पोटभर हसलो की दोन तास वेदनेविना झोप लागायची, असं त्यांनी १९७६ साली लिहिलं. पण ते ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होते, हे सांगताना बहुतेकांचा आवाज बसतो. शिवाय रोगी एकच. एकावरून शास्त्र उभं राहत नाही.

मग दुसरी मंडळी सरसावतात: बागेत हात वर करून हा-हा-हो-हो करणं म्हणजे शुद्ध थोतांड! त्यांचंही मला पटत नाही. डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत, लोखंडवालात, पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. आधी विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि विनोदाविना हसणं सुरू झालं. चेष्टा होते ती याचीच. पण माणूस विनोदालाच हसतो, हे सांगितलं कुणी? रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने लोकांची बोलणी टिपली, तर बहुतेक हसू अगदी साध्या वाक्यांनंतर उमटलेलं. आणि एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस तीसेक पट जास्त हसतो.

कसारा लोकलच्या डब्यात हे रोज दिसतं. शहाडला चढणाऱ्याला बसायला जागा क्वचितच. चौथी सीट मिळाली तरी अर्धं अंग बाहेर. पण ग्रुपमधला कुणी ‘काय, आज वहिनींनी डबा दिला नाही वाटतं?’ एवढंच म्हणतो आणि अख्खा कोपरा खिदळतो. लेडीज डब्यात मटार सोलता सोलता सासूची नक्कल होते. यात विनोद शोधला तर सापडणार नाही. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत मनमोकळं हसलेल्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढली, आणि विनोदी फिती एकत्र पाहताना हसूही जास्त आलं. पाठ दुखत असूनही माणसं त्या गर्दीत उभी कशी राहतात, याचा थोडा उलगडा इथे होतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की हास्यक्लबची किंमत रोगांच्या यादीवर ठरवूच नये. निवृत्तीच्या दिवशी माणसाची नोकरी सुटते, तसा डबाही सुटतो. तीस वर्षं टपली मारणारे हात एकदम नाहीसे होतात. अशा माणसाला पहाटे नावाने हाक मारणारी दहा माणसं मिळत असतील, तर ते हा-हा-हो-हो कितीही खोटं वाटो, सोबत खरी आहे.

हर्निया असेल, दमा असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी खुशाल जावं. बीपीची गोळी मात्र घेऊनच.