खेळाचा तास आणि स्नायूंचें शास्त्र

परीक्षेचे दिवस जवळ येऊं लागले, कीं कित्येक पालकांच्या चिठ्ठ्या शाळेंत येऊं लागतात. अभ्यास मागें पडत असल्यानें मुलास खेळाच्या तासांतून मोकळें करावें, असा त्यांचा आशय असतो. मुलींविषयीं तर अशी विनंती परीक्षा नसतांहि होते. उलट पक्षीं कांहीं विद्यार्थी वर्षभर मैदानाकडे फिरकत नाहींत, आणि शर्यतींस आठ दिवस उरले, म्हणजे पहांटेपासून धांवत सुटतात. आमच्या मतें या दोन्ही वर्तनांच्या मुळाशीं एकच अज्ञान आहे. आपले स्नायु काम कसें करितात व बळकट कसे होतात, हें आपणांस ठाऊक नसतें.

मनुष्याच्या शरीरांत हाडांना जोडलेले सहाशेंहून अधिक स्नायु आहेत. स्नायूला केवळ ओढतां येतें. ढकलतां येत नाहीं. कोपरांत हात वांकविला, म्हणजे दंडाच्या पुढील बाजूचा स्नायु आंखडतो. तोच हात सरळ करावयाचा, तर मागील बाजूच्या स्नायूस आंखडावें लागतें व पुढील स्नायूस सैल व्हावें लागतें. निर्मात्यानें अशा जोड्या योजिल्या आहेत. म्हणून एकाच बाजूचा व्यायाम करणें हितावह नाहीं.

स्नायु हा केसासारख्या बारीक तंतूंचा जुडगा असतो. प्रत्येक तंतूंत अत्यंत सूक्ष्म असे दोन प्रकारचे धागे असतात. बारीक धागे ॲक्टिनचे व जाड धागे मायोसिनचे. मेंदूची आज्ञा मज्जातंतूंच्या द्वारें येऊन पोंचली, कीं मायोसिनचे इवलेसे आंकडे ॲक्टिनच्या धाग्यांस पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हां पुढें पकडतात. रस्सीखेंचींतले गडी हात बदलीत दोर ओढतात, तसाच हा प्रकार होय. धागे स्वतः आंखूड होत नाहींत. ते एकमेकांवरून सरकतात व त्यामुळें स्नायु आंखूड होतो. १९५४ सालीं हक्सली याच आडनांवाच्या, परंतु एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं आपापल्या सहकाऱ्यांसह 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकांत ही उपपत्ति मांडली.

या कामास लागणारी शक्ति ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट नांवाच्या द्रव्यापासून मिळते. त्याचा स्नायूंतील सांठा दोनतीन सेकंदांतच संपावयाचा. तो भरून काढण्यासाठीं प्रथम क्रिएटिन फॉस्फेट उपयोगी पडतें. तेंहि जोराच्या धांवण्यांत सुमारें दहा सेकंदांतच बरेंचसें सरतें. पुढें स्नायूंतील शर्करेचें विघटन कामीं येतें, आणि दूर अंतर धांवणाऱ्यास तर हृदय व फुप्फुसें जो प्राणवायु पुरवितील, त्यावरच मुख्यतः अवलंबावें लागतें. आतां विद्यार्थिमित्रांनो, तुम्हींच विचार करा. हृदय अधिक रक्त लोटूं लागणें, स्नायूंभोंवतीं सूक्ष्म रक्तवाहिन्यांचें जाळें दाट होणें, हीं कामें आठ दिवसांत कशीं व्हावींत? त्यांस कित्येक आठवडे व महिने लागतात.

तीच गोष्ट बळाची. स्नायूवर नेहमींपेक्षां थोडा अधिक भार पडला, म्हणजे शरीर त्या भारास पुरेसें होईल अशा रीतीनें त्याची घडण सुधारतें. क्रोटोन नगरचा ग्रीक मल्ल मायलो रोज एक वासरूं खांद्यावर घेई व तें वाढून बैल झालें तरी त्यास तें उचलतां येई, अशी एक दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो, तींतील क्रमाक्रमानें भार वाढविण्याचा नियम खरा आहे. एकाएकीं अति श्रम केले, तर दुसऱ्या दिवशीं अंग दुखतें. लोक त्याचा दोष लॅक्टिक आम्लास देतात; परंतु तें आम्ल तासा-दोन तासांत निघून जातें. दुखणें येतें तें मुख्यतः तंतूंस झालेल्या बारीक इजांमुळें. त्यांची दुरुस्ती विश्रांतींत होते, व तिला प्रथिनें लागतात. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडीं, मासे यांत तीं आहेत. जाहिरातींतील भुकटीच्या डब्यांवर पैसे खर्चण्याचें सामान्य विद्यार्थ्यास कांहीं कारण नाहीं. रात्रीची झोंप मात्र चुकवूं नये.

पालकांस आमचें सांगणें असें. अभ्यास गौण आहे, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. आजारी मुलास वैद्याच्या सल्ल्यानें सूट मिळालीच पाहिजे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांमुलींस रोज सरासरी ६० मिनिटांची दमछाक करणारी हालचाल व आठवड्यांतून निदान तीन दिवस स्नायु आणि हाडें बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. आमच्या वेळापत्रकांतील खेळाचा तास त्या मानानें थोडाच. तोहि काढून घेतला, तर उरतें काय? मुलींच्या हाडांची मजबुती बव्हंशीं याच वयांत ठरते. तेव्हां त्यांस मैदानापासून दूर ठेवणें म्हणजे त्यांच्या उतारवयाचें नुकसान आजच करून ठेवणें होय.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होतें. त्यामागें लहानपणापासूनची मेहनत होती. प्रत्येकानें पदक मिळवावें, अशी आमची अपेक्षा नाहीं. शरीर हें मंदिर आहे, असें प्रेषित पौलानें करिंथकरांस लिहिलें. मंदिराची झाडलोट उत्सवाच्या आदल्या दिवशींच करावयाची नसते. ती रोज करावयाची असते. म्हणून विद्यार्थ्यांनीं जून महिन्यापासूनच मैदानावर यावें, आणि पालकांनीं ती चिठ्ठी लिहिण्यापूर्वीं एकवार विचार करावा, इतकीच आमची विनंती आहे.